आशीर्वादासह जमा

पाक हार्सोयोंचे दोन कोटी चाळीस लाख रुपिया सभ्यपणापायी गेले. लोभापायी गेले असते तर गल्लीने चार दिवस हसून विषय सोडला असता. लोभ सगळ्यांनाच असतो, म्हणून त्याला माफीही लवकर मिळते. सभ्यपणापायी बुडालेल्या माणसाला मात्र सल्ले मिळतात.

आकडा ऐकून कुणी छातीवर हात ठेवू नये. इंडोनेशियातल्या सोलो शहरात कोटीच्या गोष्टी मिरच्या विकणारी बाईसुद्धा करते. पण भूमापन कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या माणसाचं ते सात महिन्यांचं पेन्शन होतं, आणि त्या रकमेला काम नेमून दिलेलं होतं. एकुलत्या एका मुलीच्या, वेनिंगच्या, लग्नाच्या जेवणाचा तो उरलेला हप्ता. व्याही पाक प्रियंबोदो (तिथे नावाआधी मानाने पुरुषाला पाक लावतात, बाईला बू, तरुण मुलीला म्बाक) यांनी आपल्या बाजूच्या चारशे पाहुण्यांची यादी धाडली होती आणि खाली नम्रपणे लिहिलं होतं, की ही फक्त अगदी जवळची माणसं आहेत.

सोलोत लग्नाला हातात ताटली घेऊन उभ्याने फिरत नाहीत. पाहुणे खुर्च्यांवर रांगेने बसतात आणि वाढपी बशांचे मनोरे तोलत रांगांमधून फिरतात. आधी चहा आणि खाऊ, मग सूप, मग भात, शेवटी आइस्क्रीम. आइस्क्रीम संपलं की सगळा मांडव एका दमात उठतो, नवरा-नवरीला हात जोडतो आणि घरी जातो. पाहुण्याला 'आता निघा' असं सांगणं ज्या गावाला मरणाहून अवघड, त्या गावाने ते काम आइस्क्रीमवर सोपवलं आहे.

आणि दारातल्या पेटीत पाकीट टाकायचं असतं. पाकिटावर नाव-गाव लिहायचं, कारण यजमानाला पुढे तेवढीच रक्कम तुमच्या घरच्या कार्यात परत घालायची असते. तेवढीच आणि वर थोडी. वरची थोडी अशासाठी, की हिशेब कधी पुरा होऊ नये. हिशेब पुरा झाला की येणं-जाणं संपलं.

एवढं सांगितल्यावर कळेल, की मुलीचं लग्न तोंडावर आलेल्या बापाची या दिवसांत अवस्था निवडणुकीला उभ्या राहिलेल्या माणसासारखी असते. एकाचंही आमंत्रण चुकवायचं नाही. ज्याच्या मांडवात आपण गेलो नाही, त्याची खुर्ची आपल्या मांडवात रिकामी राहते.

त्या सकाळी पाक हार्सोयो पिंजऱ्यातल्या पारव्याला दाणे घालत होते. मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. 'आदरणीय पाक हार्सोयो आणि परिवार, दिमास आणि आयु यांच्या विवाहास आपण आशीर्वाद देण्यास यावे.' खाली पत्रिका जोडलेली.

आयु कोण, हे काही आठवेना. आयु नावाच्या मुली सोलोत गल्लीला दोन निघतात. कचेरीत तीन होत्या, दातांच्या डॉक्टरकडे एक. तिला 'बाई, तू कोण' असं विचारणं म्हणजे 'मी तुला विसरलो' असं लेखी कळवणं. त्यांनी पत्रिकेवर बोट ठेवलं. पत्रिका उघडली नाही, पण मोबाइलने विचारलं, मेसेज वाचू का? मग विचारलं, फोनची व्यवस्था मी पाहू का? इतक्या अदबीने परवानगी मागणाऱ्याला नाही म्हणणं पाक हार्सोयोंच्या रक्तात नव्हतं. ते हो म्हणत गेले.

पत्रिका तरी दिसेना. त्यांनी क्षमा मागून कळवलं, की म्हाताऱ्याच्या फोनला जरा कमी दिसतं. उत्तर आलं, 'मोठ्या माणसांना आमच्यासारख्यांची आठवण कशी राहणार, पाक.' हा वार वर्मी बसला. पाक हार्सोयोंनी घाईघाईने लिहिलं, की आठवण आहे म्हणजे काय, चांगलीच आहे, आयुला मी एवढीशी असताना पाहिलंय. आणि आपण खोटं बोललो याची टोचणी लागल्यावर तिच्यावर उतारा म्हणून त्यांनी पैशांच्या अ‍ॅपवरून दोन लाखांचा आहेर तिथल्या तिथे त्याच नंबरवर पाठवून दिला. पैसे कुणाच्या खात्यात जाताहेत ते नाव दिसलं: सुगियेम. नवरीची आई असणार. शेऱ्याच्या जागी त्यांनी लिहिलं, 'नवदांपत्याला आशीर्वाद. सुखाने नांदा. हार्सोयो परिवार.'

पारव्याचे दाणे संपेपर्यंत त्या दोन लाखांच्या मागून, नवरीमागून वऱ्हाड निघावं तसे, उरलेले दोन कोटी अडतीस लाख निघून गेले. तीन खेपांत, आणि त्यांनी एकदाही बोट न लावता; मोबाइलची व्यवस्था आता दुसरंच कुणी पाहत होतं. त्याच सुगियेमच्या खात्यात.

बायकोला सांगणं भाग होतं. बू मुर्तिनी भाजी निवडत होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आहेर किती घातलात?"

"दोन लाख."

"ओळख ना पाळख, तिला दोन लाख. माझ्या सख्ख्या भाच्याला तुम्ही पन्नास हजार घातले होते."

पुढे महिनाभर घरात चोरीपेक्षा भाच्याचाच विषय जास्त निघाला.

अ‍ॅपवाल्यांकडे माणूस नव्हता. मेसेजला उत्तर देणारं एक यंत्र होतं आणि त्याला बाईचं नाव दिलेलं होतं. यंत्राने लिहिलं, की तुमच्या भावना मी समजू शकते. पाक हार्सोयोंनी आभार मानले, सकाळी सकाळी त्रास दिल्याबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि जेवण झालं का विचारलं. यंत्राने लिहिलं, हा प्रश्न मला कळला नाही. कृपया आपल्या बँकेकडे जावे.

बँकेत जायचं म्हणून त्यांनी लांब बाह्यांचा बटिक शर्ट घातला, तोच, जो लग्नाला घालतात. पलीकडे बसून माणसांना परत पाठवण्यात ज्याची हयात गेली, तो अलीकडच्या खुर्चीत बसला की त्याला स्वतःचे हात कुठे ठेवावेत हे सुचत नाही. काउंटरवर म्बाक किराना नावाची मुलगी होती. ती उठून उभी राहिली, छातीशी हात जोडले, हसली. सगळं इतकं छान चाललं होतं, की पाक हार्सोयोंना पैसे मिळाल्यासारखेच वाटू लागले.

"या चार व्यवहारांपैकी आपण स्वतः कोणता केलात?" तिने विचारलं.

पाक हार्सोयो प्रामाणिक माणूस. "पहिला."

"म्हणजे खातेदार आपल्या ओळखीच्या आहेत."

"नाही."

"ओळख नसलेल्या बाईंना आपण आशीर्वादासह दोन लाख पाठवलेत?"

"लग्न होतं ना."

"कुणाचं?"

"तेच तर कळत नाही."

म्बाक किरानाने हे सगळं टाइप केलं. टाइप करताना ती हसत राहिली, पण ते हसू आता आधीचं नव्हतं.

बँकेचं पत्र आलं. अशी पत्रं पाक हार्सोयोंनी स्वतः आयुष्यात शेकडो लिहिली असतील, त्यामुळे त्यातली कारागिरी त्यांना लगेच कळली. सदर ग्राहकाने सदर खातेदारास प्रथम स्वेच्छेने व आशीर्वादपूर्वक रक्कम दिली असून उभयतांमध्ये स्नेहसंबंध असल्याचे दिसून येते; पुढील व्यवहार त्याच स्नेहाच्या ओघात झाले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. बहुतेक रक्कम काढली गेली आहे. एकतीस लाख शिल्लक असून ते रोखून धरले आहेत. खातेदाराने सरकारी तिकीट लावलेल्या कागदावर लेखी संमती दिल्यास ते परत करता येतील. खातेदाराचा पत्ता गोपनीय आहे.

"संमती तिची हवी, पण ती कुठे राहते ते सांगायचं नाही," बू मुर्तिनी म्हणाल्या. "तुमच्याच कचेरीतून शिकलेत वाटतं."

बातमी घरातच ठेवायची ठरली होती. वेनिंग सेमारांगला औषधांच्या दुकानात नोकरीला होती, तिला काही कळवायचं नव्हतं. व्याह्यांना तर मुळीच नाही. तशी बातमी घरातच राहिली, फक्त गल्ली त्या घरात येऊ लागली. एकीने सुकोहार्जोच्या मांत्रिकाचा नंबर दिला. चोराचं पोट फुगेल आणि पैसे आपोआप परत येतील, अशी त्याची ख्याती होती. मांत्रिक फोनवर फार आपुलकीने बोलला आणि शेवटी म्हणाला, दक्षिणा आधी अ‍ॅपवर पाठवा. शेजारचे पाक जुमादी लग्नसमारंभांना खुर्च्या भाड्याने देत. सातशे खुर्च्यांची आगाऊ नोंद त्यांच्याकडेच होती, त्यामुळे हे लग्न होण्यात त्यांचा जीव गुंतलेला होता. ते म्हणाले, "पोलिसांत तक्रार टाका. तक्रारीशिवाय बँक हलत नसते."

या सल्ल्याची किंमत पुढे कळली.

ठाण्यातला हवालदार दोन बोटांनी टाइप करी आणि प्रत्येक शब्द आधी स्वतःशी मोठ्याने म्हणे. त्याने बँकेला लिहिलं, बँकेने त्याला कळवलं, आणि तो ते उत्तर कागदावर उतरवताना पाक हार्सोयो समोरच बसले होते. "सु-गि-येम," हवालदार म्हणाला. "बो-यो-ला-ली." पुढे त्याने वाडीचं नावही म्हटलं, आणि मग वर पाहून सांगितलं, की हा पत्ता तुम्हाला सांगता येणार नाही, गोपनीय आहे.

रविवारी पाक जुमादींनी खुर्च्यांची गाडी काढली. वाटेत त्यांनी मोहिमेची आखणी सांगितली. बाईच्या अंगणात जाऊन बसायचं. बोलायचं नाही, ओरडायचं नाही, नुसतं बसायचं. अख्खी वाडी जमली की बाई लाजेने सही करील. पाक हार्सोयोंनी खिशात संमतीचा कागद, सरकारी तिकीट आणि किरकोळ खर्चाला एक पाकीट घेतलं होतं. अंगात बटिक शर्ट होता, कारण कुणाच्या घरी पहिल्यांदा जायचं तर नीट जावं, मग ते घर चोराचं का असेना.

डोंगरात चढण लागली, गाईंचा वास आला, आणि वाडीच्या तोंडाशी पाक जुमादींनी गाडी थांबवली. रस्त्यावर नारळाच्या कोवळ्या पातीची कमान उभी होती. पुढे मांडव. लाउडस्पीकरवर गाणं. सुगियेमचं घर विचारलं तर एका म्हाताऱ्याने मांडवाकडेच बोट केलं आणि म्हणाला, "चला चला, भात निघालाय."

पाक हार्सोयो गाडीकडे वळले. "परत फिरू," ते म्हणाले.

पण दारात हात जोडून उभी असलेली खरबरीत हातांची, किरकोळ बांध्याची बाई तोवर पुढे आली होती. तिनेच पाक हार्सोयोंचे दोन्ही हात धरले. "सोलोहून आलात पाक? एवढ्या लांबून?" ही बू सुगियेम. सोलोचा असा बटिक घातलेला माणूस म्हणजे नवऱ्याकडचा कुणीतरी मोठा, असं तिला वाटलं. नवऱ्याकडच्यांना वाटलं, नवरीकडचा. दोन्ही बाजूंनी मिळून त्यांना पहिल्या रांगेत, गावप्रमुखाच्या शेजारी नेऊन बसवलं. वहीत नाव लिहायला दिलं. मांडवात तमाशा करायला आलेल्या माणसाला इतका मान मिळाला, की तमाशा कुठून सुरू करायचा तेच कळेना.

पाक जुमादींनी भात दोनदा घेतला. भात झाला तशी माणसं उठून आपापल्या वाटेने जायला लागली. पाक जुमादी बसूनच. पाक हार्सोयोंनी कोपराने ढोसलं.

"आइस्क्रीम यायचंय," पाक जुमादी म्हणाले.

"इथे नसतं. इथे जेवण झालं की उठतात."

"असं कसं उठतात?" पाक जुमादींना ते माणुसकीला सोडून वाटलं.

एवढ्यात गावप्रमुखाने ध्वनिक्षेपक पाक हार्सोयोंच्या हातात दिला. सोलोच्या पाहुण्यांनी नवदांपत्याला दोन शब्द सांगावेत. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पाक हार्सोयो उभे राहिले. ज्यासाठी आलो ते बोलायची अशी संधी पुन्हा मिळणार नव्हती. ध्वनिक्षेपक हातात, अख्खी वाडी समोर. ते म्हणाले, की संसार विश्वासावर चालतो. विश्वास म्हणताना त्यांचा आवाज चिरकला. मग म्हणाले, पैसा काय, येतो आणि जातो. 'जातो' वर त्यांना पुढे बोलवेना. मांडवातल्या बायकांनी ओढणीने डोळे टिपले. बू सुगियेम तर हुंदके देत होती.

निघताना पेटीजवळ एक बाई बसलेली. पाक हार्सोयोंनी खिशातलं किरकोळ खर्चाचं पाकीट काढलं, त्यात एक लाख रुपिया होते. टाकलं नसतं तर कुणी काही म्हटलं नसतं, पण सगळ्यांनी पाहिलं असतं. त्यावर सवयीने नाव लिहिलं, सवयीने पत्ता लिहिला. पाक जुमादी मागून म्हणाले, "माझंही नाव घाला की त्याच्यावरच."

घरी बू मुर्तिनींनी विचारलं, किती आणलेत? पाक हार्सोयोंनी एक लाख घातल्याचं सांगितलं. त्यावर बू मुर्तिनींनी एवढंच विचारलं, की मोहिमेला अजून किती खेपा आहेत ते कळलं तर त्या तेवढे पैसे काढून ठेवतील.

दुसऱ्या खेपेला ते एकटेच गेले, बसने. मांडव उतरला होता. बू सुगियेम गोठ्यात गाईला चारा घालत होती. तिने ओळखलं, चहा ठेवला, केळी तळली. पाक हार्सोयोंनी सगळं सांगितलं, जमेल तेवढ्या हळू. तिने सांगितलं ते असं, की वाडीत एक गोड बोलणारा तरुण आला होता. गरिबांना मदत मिळते म्हणाला, फक्त बँकेत खातं काढावं लागतं. त्याने चार-पाच बायांना तालुक्याला नेलं, सह्या घेतल्या, प्रत्येकीला तीन लाख, तांदळाची गोणी आणि तेल दिलं. खात्याचं कार्ड त्याने जपून ठेवायला आपल्याकडेच घेतलं. मोठीचं लग्न तोंडावर होतं, गोणी कामाला आली.

"म्हणजे पाक, तुमचे पैसे माझ्या नावावरून गेले?"

"नावावरून गेले. तुमच्या हातून नाही."

"आणि ते पहिले दोन लाख? तेही चोरांनीच काढलेले?"

"नाही, ते मी घातले. लग्न आहे म्हणून."

बू सुगियेमने केळ्यांची बशी त्यांच्यापुढे सरकवली. "लग्न तर होतंच," ती म्हणाली.

मग तिने तिकिटावर आडवी, सावकाश सही केली. सही द्यायला तिची मुळीच ना नव्हती. मुळात हे सगळं उपटलं होतं तेच सहीला ती कधी ना म्हणत नाही म्हणून.

कागद घेऊन पाक हार्सोयो बँकेत गेले ते जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढत. म्बाक किराना उठून उभी राहिली, हात जोडले. कागद उलटसुलट पाहिला. सगळं बरोबर आहे म्हणाली. आता फक्त पोलिसांचं पत्र हवं.

"कसलं?"

"आपण तक्रार केलीत ना, पाक. त्या तक्रारीवरून पोलिसांनी खातं गोठवलंय. आम्हाला त्याला हात लावता येत नाही. तक्रार नसती तर आजच दिले असते."

ठाण्यात हवालदार म्हणाला, की ते एकतीस लाख आता पुरावा आहेत. आरोपी सापडला, खटला झाला, की सुटतील.

"आणि नाही सापडला तर?"

"तर पुरावा सुरक्षित राहील."

पाक हार्सोयोंनी विचारलं, की तक्रार मागे घेतली तर? हवालदाराने दोन्ही बोटं कळांवरून उचलली आणि समजूत घातली. तक्रार मागे घेतली तर चोरी झालीच नाही. चोरी झाली नाही तर पैसे त्या बाईचे. तुम्ही तिला आशीर्वादासह दिलेले. बँकेच्या पत्रात तसं स्पष्ट लिहिलंय. शिवाय एकदा गोठवलेलं खातं कोर्टाच्या हुकमाशिवाय उघडत नाही.

बाहेर पायरीवर बसून पाक हार्सोयोंनी मनातल्या मनात मांडणी केली. पैसे आहेत, कुठे आहेत ते ठाऊक आहे, ज्याच्या नावावर आहेत त्याची हरकत नाही, द्यायला बँक राजी आहे, आणि ते मिळणार नाहीत. आपल्या कचेरीतही इतकं नेटकं प्रकरण कधी जमलं नव्हतं, हे त्यांना कबूल करावं लागलं.

मोटरसायकल आणि बू मुर्तिनींच्या बांगड्या सरकारी गहाणपेढीत गेल्या. गहाणपेढी हीच एक कचेरी, जिथे कागद न बघता वस्तू बघून पैसे देतात. तरी हप्ता पुरा होईना. जेवणवाल्या बाईंनी हिशेब मांडला: सूप काढलं तर लोक नावं ठेवतील, भात काढला तर मारतील. उरलं आइस्क्रीम.

"पण मग माणसं उठणार कशी?" त्यांनी काळजीने विचारलं.

"उठतील की," पाक हार्सोयो म्हणाले. "माणसंच आहेत."

वेनिंगला कळलं ते बाप तिला न्यायला स्टेशनवर पायी आला तेव्हा. तिने सगळं ऐकून घेतलं, बापाच्या हातातली पिशवी काढून स्वतः घेतली आणि म्हणाली, "मला आधी सांगायचंत, बापाक. मी चारशे माणसं कमी केली असती. सासऱ्यांसकट."

लग्न नीट लागलं. चहा झाला, सूप झालं, भात झाला. रिकाम्या बशा गेल्या. आणि सातशे माणसं बसून राहिली.

सोलोची माणसं ती, गुडघ्यांवर हात ठेवून, मंद हसत, समोर बघत बसली. गाणाऱ्यांची गाणी संपली, त्यांनी पहिल्यापासून पुन्हा सुरुवात केली. पाक प्रियंबोदो हळूच येऊन कानाशी लागले, की आइस्क्रीमचं काही अडलंय का. नाही म्हणायचा हाच क्षण होता. पाक हार्सोयोंच्या तोंडून निघालं, "येईलच."

'येतंय' ही बातमी पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेत पोचली. उठायच्या बेतात होती ती दोन-चार माणसंही परत बसली. पाक जुमादी तर चमचा हातात धरूनच होते. त्यांच्या खुर्च्या तासावर नव्हत्या, पण तरी ते घड्याळ बघत होते. मांडवाच्या दाराशी उभ्या पाक हार्सोयोंना वाटलं, की आपल्या मुलीचं हे लग्न आता कधीच संपणार नाही. नातवंडं इथेच व्हायची.

तेव्हा अगदी शेवटच्या रांगेतून एक बाई उठली. किरकोळ बांधा, हातात कापडी पिशवी. बू सुगियेम. तिला बोलावलं कुणी नव्हतं. पाकिटावरच्या पत्त्यावर ती आदल्या दिवशी गल्लीत येऊन चौकशी करून गेली होती, म्हणे. जेवण झालं होतं, बस धरायची होती, दूध काढायच्या वेळेला घरी पोचायचं होतं. ती सातशे माणसांच्या मधून एकटी, सरळ चालत मंचावर गेली, वेनिंगच्या डोक्यावर हात ठेवला, नवऱ्यालाही दोन शब्द सांगितले. पहिल्या रांगेतल्या एका आजींना वाटलं, आपल्याला दिसलं नाही पण आइस्क्रीम होऊन गेलं असणार. त्या उठल्या. त्यांच्यामागे रांग उठली, आणि त्या रांगेमागे सगळा मांडव. पाव तासात खुर्च्या रिकाम्या.

संध्याकाळी पाक हार्सोयो आणि बू मुर्तिनी चटईवर पाकिटं फोडायला बसले. मध्येच मोबाइलवर बँकेचा मेसेज आला. आपली तक्रार समाधानकारकरीत्या निकाली काढण्यात आली असून आमच्या सेवेला पाचपैकी किती तारे द्याल? पाक हार्सोयोंनी चष्मा लावला, बोट ठेवलं आणि मोबाइल पालथा घातला.

"किती दिलेत?"

"पाच."

बू मुर्तिनींनी हातातलं पाकीट खाली ठेवलं.

"ती मुलगी प्रत्येक वेळी उठून उभी राहायची," पाक हार्सोयो म्हणाले.

बू मुर्तिनींनी पुढचं पाकीट फोडलं. नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि पाकिटावरचं मोठ्या गिचमिड अक्षरातलं नाव वाचलं. "सुगियेम, बोयोलाली. तीन लाख वीस हजार. तुम्ही तर लाखच घातला होता ना तिथे?"

पाक हार्सोयोंना कळायला जरा वेळ लागला. "एक लाख मांडवात," ते म्हणाले. "आणि ते आधीचे दोन."

"ते तर चोरांनी नेले."

"लग्न तर होतंच, म्हणाली होती."

बू मुर्तिनींनी पाकिटावरचं नाव पुन्हा वाचलं. मग त्यांनी नोटा नीट करून पाकिटात परत ठेवल्या, इतर पाकिटांपासून वेगळ्या.

"वर वीस हजार आहेत," त्या म्हणाल्या. "म्हणजे आता आपण देणं लागतो. तिला अजून मुलगी आहे?"

"धाकटी आहे. सुगीनंतर करायचं म्हणत होती."

"मग तो शर्ट धुऊन ठेवते. आणि पाक जुमादींना सांगा, या खेपेला त्यांचं पाकीट वेगळं."